लाल अंबाडीच्या वाळल्या फुलांचं पाकीट: शरबत म्हणून झकास, बीपीची गोळी म्हणून नको

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यात हिवाळा लागला की आठवडी बाजारात एका बचत गटाच्या बायका लाल अंबाडीची वाळलेली फुलं पाकिटात घालून विकतात, 100 ग्रॅम 80 रुपये, त्याचा हा रिव्ह्यू. गटाचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खटकलेल्या गोष्टी पण खाली लिहिणार आहे आणि बायका मेहनती आहेत, उगाच त्यांच्या पोटावर यायला नको. माझं गावात छोटं मेडिकल आहे, म्हणून हे पाकीट मी घरी पितो तसं गिऱ्हाइकाच्या हातात पण पाहतो. लोक ते काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, "भाऊ, हे पेलो तं बीपीची गोळी बंद केली तं चालते का जी?" म्हणून जरा लांबलचक लिहितो. कंटाळा आला तर एवढंच घ्या: शरबत म्हणून पाचपैकी साडेचार, आणि लेबलवर जे छापलं आहे त्याला पाचपैकी एक, तो पण बायकांकडं पाहून.

आधी माल कसा आहे ते. फुलं म्हणायची रीत आहे पण ते काही फूल नाही, फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जी जाड लाल टोपी राहते ती. ती बोंडावरून एकेक करून सोलायची, बोटं लाल होतात, बारीक कूस टोचते, आणि ढीगभर सोललं तरी वाळून मूठभर राहते, त्यामुळं 80 रुपये महाग म्हणणाऱ्यानं एकदा स्वतः किलोभर सोलून पाहावं. या पाकिटात तुकडे मोठे आणि अख्खे आहेत, रंग गडद मरून, म्हणजे सावलीत वाळवलं असावं, कडक उन्हात वाळवलेलं काळपट पडते. थोड्या बिया आणि काडीकचरा निघतो, चाळून घेतलं की झालं. शहरातून ऑनलाइन याच अंबाडीचा म्हणून जो हिबिस्कस टी येतो ना बॅगवाला, तो पण एकानं आणून दिला होता, आतमध्ये नुसता भुगा, कशाचा आहे ते कळायची सोय नाही आणि पैसे कितीतरी जास्त.

घेताना एक पाहा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, दोरासाठी, वाखासाठी जी अंबाडी लावायचे ती वेगळी जात, तिच्या बोंडाला असा गर नसतो. लाल देठाची, लाल बोंडाची पाहिजे. आणि जास्वंदीच्या वाळलेल्या पाकळ्या पण हल्ली याच नावानं खपवतात, दोघी एकाच खानदानातल्या आहेत पण खाली जे अभ्यास सांगतो ते सगळे या आंबट बोंडाच्या टोपीवर झाले आहेत, पूजेच्या जास्वंदीवर नाही. रंग मारलाय का अशी शंका आली तर कपभर अर्कात चिमूटभर खायचा सोडा टाका, खरा रंग असंल तर लालाचा निळसर-जांभळा, मग हिरवट होत जाते, लिंबू पिळलं की परत लाल. वरून टाकलेला नकली लाल रंग असा पलटी मारत नाही. या पाकिटाचा रंग दर वेळी पलटला.

चव बम आंबट, चिंचेपेक्षा स्वच्छ, मागून थोडी तुरट. गूळ टाकला की उन्हाळ्यात दुसरं काही नको वाटते. आमच्या इकडं अंबाडीचा पाला ज्वारीच्या कण्यांसोबत खाल्लेली पिढी आहे, तेलंगणाकडच्या बाजूला त्यालाच गोंगुरा म्हणतात, त्यामुळं हे आंबटपण कोणाला नवीन नाही, फक्त बोंडाचं शरबत पाहुण्याला द्यायची फॅशन आत्ता आली.

गंमत अशी की ज्याला आपण पक्कं गावठी समजतो ते झाड मूळचं आफ्रिकेतलं मानतात. सुदानमध्ये याला करकदे म्हणतात, तिथं आणि इजिप्तमध्ये थंड-गरम दोन्ही पितात, लग्नात पाहुण्यांना देतात. सेनेगलमध्ये बिसाप, नायजेरियात झोबो, घानात सोबोलो. आफ्रिकेतल्या लोकांना गुलाम करून जहाजांनी नेलं तेव्हा हे झाड पण पलीकडं गेलं, जमैकात नाताळाला आलं घालून हेच पितात आणि मेक्सिकोत घरोघरी हमाइकाचं पाणी म्हणून चालते. तिकडच्या वैदूंच्या यादीत हे बीपीसाठी, लघवी साफ व्हायला, ताप उतरायला असं जुन्यापासून आहे. म्हणजे बायकांनी लेबलवर जे लिहिलं ते हवेतून आलेलं नाही, पण त्यांनी लिहिलं आहे "बीपी, शुगर, हार्ट ब्लॉकेज, मुळापासून बरे", आणि इथं माझं डोकं फिरते.

रक्तवाहिनीवर याचं खरंच काय होते ते सांगतो, कारण ते लेबलपेक्षा जास्त इंटरेस्टिंग आहे. धमनीच्या भिंतीत स्नायूंचा थर असतो, तो आवळला की नळी अरुंद होते आणि बीपी वाढते, तो सैल पडला की बैलाचा कासरा ढिला सोडल्यासारखं होते, रक्त मोकळं चालते. या स्नायूला सैल हो असं सांगते कोण, तर आतलं एका पेशीचं पातळ अस्तर. हे कळलं 1980 मध्ये. रॉबर्ट फर्चगॉट आणि त्यांचे सहकारी झवाडझ्की न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर काम करत होते, अ‍ॅसिटिलकोलिन (शरीरातलंच एक निरोप्या रसायन) टाकलं की अस्तर शाबूत असलेला तुकडा सैल पडायचा आणि अस्तर घासून गेलेला तुकडा उलट आवळायचा. अस्तरातून काहीतरी सुटते एवढं पक्कं झालं, ते काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू निघाला, आणि 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. छातीत कळ आली की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात ना, ती गोळी शरीरात जाऊन हाच वायू सोडते, म्हणून पाच-दहा मिनिटात आराम पडतो आणि डोकं पण ठणकते, कारण डोक्यातल्या नळ्या पण सैल होतात.

आता अंबाडी. मलेशियातल्या संशोधकांनी 2007 मध्ये जन्मजात हाय बीपी असलेल्या उंदरांच्या महाधमनीच्या रिंगा कापून द्रावणात टांगल्या, औषध टाकून मुद्दाम आवळून घेतल्या आणि मग याच बोंडाच्या टोपीचा अर्क टाकला. रिंगा सैल पडल्या. अस्तर काढून टाकलं तर परिणाम कमी झाला पण पूर्ण गेला नाही. म्हणजे दोन रस्ते आहेत, एक अस्तरातला नायट्रिक ऑक्साइडवाला, आणि दुसरा डायरेक्ट स्नायूवरचा, कॅल्शियम पेशीत शिरायची वाट अडवायचा. स्नायू आवळायला कॅल्शियम आत यावं लागते, दार बंद तर आवळणं बंद. आणि मेडिकलमध्ये दिवसभर जी बीपीची एम्लोडिपिन गोळी मी देतो ना, ती नेमकं हेच दार बंद करते! तिसरा रस्ता पण आहे, बोंडाला लाल रंग देणारे जे अँथोसायनिन आहेत, मुख्य म्हणजे डेल्फिनिडिन आणि सायनिडिनवाले, ते परीक्षानळीत एसीई नावाच्या, नळ्या आवळणारं रसायन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतात, बीपीच्या कॅप्टोप्रिल-एनालाप्रिलवाल्या गोळ्यांचा रस्ता तोच. वरून लघवी थोडी जास्त होते ते वेगळंच. एका झाडात तीन-चार गोळ्यांचा वास येते म्हणा ना.

पण द्रावणात टांगलेली उंदराची धमनी वेगळी आणि आपल्या आबाजीची वेगळी. प्यालेल्या अँथोसायनिनपैकी फार थोडं रक्तात उतरते, बाकीचं आतड्यातच मोडते. म्हणून माणसांवर काय झालं ते पाहायचं. 2010 मध्ये अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठानं 65 माणसांवर केलेला अभ्यास आला, बीपी थोडंसं वाढलेली, गोळी सुरू नसलेली माणसं, रोज तीन कप, एका कपात सव्वा ग्रॅम, सहा आठवडे. वरचं बीपी सरासरी 7.2 पॉइंटनं उतरलं, नुसतं रंगाचं आणि चवीचं खोटं पेय पिणाऱ्यांचं 1.3 नं. ज्यांचं आधी जास्त होतं त्यांचं जास्त उतरलं. त्याच्या आधी मेक्सिकोत 2004 मध्ये रोज 10 ग्रॅमचा काढा आणि कॅप्टोप्रिल 25 मिलिग्रॅम दोन वेळा अशी चार आठवडे तुलना केली, तर दोन्हीत फार फरक दिसला नाही, हा अभ्यास व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. त्याच गटानं 2007 मध्ये अर्काची लिसिनोप्रिल या बीपीच्या गोळीसोबत तुलना केली, बीपी अर्कानं पण उतरलं पण गोळी पुढं निघाली, हा मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

तर सात पॉइंट म्हणजे किती? ज्याचं बीपी 135 च्या आसपास रेंगाळते, डॉक्टर म्हणले मीठ कमी करा, चाला, तीन महिन्यांनी दाखवा, त्याला हे खरंच कामाचं आहे. ज्याचं 170 आहे त्याला सात पॉइंटनं काय होते जी? आणि बीपी दुखत नाही हीच तर पंचाईत, गोळी सोडली तरी पंधरा दिवस माणूस ठणठणीत फिरते, म्हणते पाहा शरबतानं काम केलं, आणि एखाद दिवशी तोंड वाकडं होऊन सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागते. एका मावशीला मी हे सगळं सांगितलं, तिनं शांत ऐकलं आणि म्हणाली, "मंग तू गोळी विकते म्हणून सांगत असशीन." आता काय बोलावं! बीपीची साधी गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट भेटते मावशी, तिथूनच घे, माझ्याकडून घेऊ नको, पण घे.

इथं थोडं विषयांतर करतो कारण आफ्रिकन जडीबुटी हा शब्द सध्या जोरात आहे. गावातल्या एका पोरानं वडिलांसाठी ऑनलाइन कॅप्सूलची डबी मागवली, वर लिहिलेलं आफ्रिकन हर्ब, नसा मोकळ्या, रक्तप्रवाह वाढवा, वगैरे. मागं बारीक अक्षरात योहिम्बे. हे पश्चिम-मध्य आफ्रिकेतल्या, कॅमेरून-गॅबॉनकडच्या झाडाची साल, आणि तिच्यातलं योहिम्बिन शरीरात नळ्यांना आवळ असा निरोप देणारं नॉरअ‍ॅड्रेनालिन जास्त सोडायला लावते, म्हणजे धडधड वाढते आणि बीपी उलट चढते. वडिलांना आधीच बीपी. डबी परत करायला लावली. मोकळ्या नसा हा शब्द ज्या कारणासाठी असल्या डब्यांवर छापतात ते सगळ्यांना माहीत आहे, आणि अशा मालात कधी कधी सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) पण न सांगता मिसळलेलं सापडते, ते घेऊन वर सॉर्बिट्रेट घेतली तर बीपी असं पडते की माणूस उठत नाही.

उलट तिकडंच राउव्होल्फिया व्होमिटोरिया नावाचं झाड आहे, आपल्या सर्पगंधेची आफ्रिकन बहीण. त्याच्यातलं रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकाला असलेला नॉरअ‍ॅड्रेनालिनचा साठाच रिकामा करते, आवळ असा निरोप द्यायला काही उरतच नाही म्हणून नळी सैल. सर्पगंधेवर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लिहिलं तेव्हा जगाचं लक्ष गेलं, 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत रेसर्पिन वेगळं काढलं, पुढं आफ्रिकन झाडाच्या मुळ्यांपासून पण ते काढायला लागले. ताकदीचं औषध, पण काही लोकांचं मन इतकं उदास करायचं की आता फारसं कोणी देत नाही. सांगायचं काय तर एक आफ्रिकन झाड अस्तराला हात घालते, एक निरोपाचा साठा संपवते, एक बीपी चढवते, आणि डबीवर सगळ्यांना एकच वाक्य. अंबाडी यात सगळ्यात गरीब गाय, आणि म्हणूनच तिचा रिव्ह्यू करायला मला भीती वाटत नाही.

(पूर्ण गरीब पण नाही, थांबा.)

बीपीच्या गोळीवर असलेल्यानं एक-दोन कप घेतले तर सहसा काही होत नाही, पण सकाळी गोळी, वरून लघवीची गोळी, वरून मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्री ऊन आणि तांब्याभर अंबाडी, मग उठताना डोळ्यापुढं अंधारी येणारच, नळ्या आधीच उन्हानं सैल असतात. रोज घेणार असाल तर डॉक्टरला सांगा आणि महिन्यातून दोनदा बीपी मोजा. पोटुशी बाईला हे रोज देऊ नका. अ‍ॅसिडिटीवाल्यानं उपाशी पोटी घेऊ नये. आणि ही गोष्ट आपल्या भागात कोणीच सांगत नाही म्हणून ठळक सांगतो, सुदानमधल्याच अभ्यासात दिसलं होतं की करकदे, चिंचेचं पाणी किंवा लिंबाच्या पाण्यासोबत हिवतापाची क्लोरोक्विन गोळी घेतली तर ती रक्तात कमी उतरते. गडचिरोलीकडं हिवताप नेहमीचा, त्या गोळ्या अजून दिल्या जातात, तर हिवतापाच्या गोळ्या सुरू आहेत तोवर शरबत बाजूला ठेवा, गोळी साध्या पाण्यासोबत. अंगदुखीची डायक्लोफिनॅक पण यासोबत वेगळी वागते असं दिसलं आहे, तशी ती गोळी बीपीवाल्यानं रोज खायचीच नसते, पण निंदणाच्या दिवसात सांगून कोण ऐकते.

बनवायचं सोपं आहे. पाकिटावर लिहिलं आहे मूठभर फुलं एका ग्लासात उकळा, ते वाचून एकानं केलं आणि दात आंबून दोन दिवस भाकर चावता येईना. त्या अमेरिकन अभ्यासाचा हिशोब धरला तर दिवसाचे तीन कप म्हणजे पावणेचार ग्रॅम, 100 ग्रॅमचं पाकीट एका माणसाला 26 दिवस जाते, म्हणजे दिवसाचे तीन रुपये. मी पाण्याला उकळी आणतो, गॅस बंद, चुरलेली फुलं टाकायची, झाकण, दहा मिनिटं, गाळायचं. उन्हाळ्यात रात्रभर माठाच्या पाण्यात भिजवलं तर चव जास्त चांगली लागते, तुरटपणा कमी. भांडं स्टीलचं नाहीतर काचेचं, तांब्याचं-अ‍ॅल्युमिनियमचं नको, आंबट आहे. दूध टाकू नका, फाटते. आणि बाप्पा, बीपीसाठी पितो म्हणून वरून काळं मीठ दाबून टाकणारे पाहिले की हसावं का रडावं कळत नाही, त्या चिमटीत अंबाडीनं कमावलेलं सगळं जाते. गूळ शुगरवाल्यानं नाही टाकायचा, दोन पुदिन्याची पानं टाका. प्याल्यावर चूळ भरा, दातांसाठी.

आता बायकांना सांगायच्या गोष्टी, कारण गटातली एक ताई हे वाचंल अशी आशा आहे. ताई, "मुळापासून बरे" ते काढून टाका, अन्नाच्या पाकिटावर रोग बरा होतो असं छापणं कायद्यात पण बसत नाही, कोणी तक्रार केली तर तुमचाच धंदा अडकंल. त्या जागी बनवायची खरी रीत छापा, चहाच्या चमच्याच्या हिशोबानं. पॅकिंगची तारीख कधी असते कधी नसते, ती प्रत्येक पाकिटावर पाहिजे. पाकीट पातळ आहे, पावसाळ्यात आत ओल धरते, मागच्या श्रावणात एक पाकीट बुरशी लागून फेकलं, जाड झिपवालं घ्या, दोन रुपये जास्त लावा, देऊ. आणि बियांचे तुकडे राहतात ते एकदा चाळून घेतलं तर पाकीट ऑनलाइनवाल्याच्या तोंडात मारण्यासारखं होईल.

घेणाऱ्यांसाठी: नवा माल डिसेंबरपासून येतो, संक्रांतीच्या बाजारात सगळ्यात ताजा भेटते, मार्चनंतर उरलेला असतो तो काळपट. दोन-तीन पाकिटं घेऊन काचेच्या बरणीत घट्ट झाकणात ठेवा. ज्यांच्या पराटीच्या (कपाशीच्या) धुऱ्यावर जागा आहे त्यांनी जूनमध्ये चार दाणे टाकले तर विकत घ्यायची पण गरज नाही, फक्त सोलायला घरचे तयार पाहिजेत.